पेडल कडक का होत नाही?

सांगाडा तयार आहे, इंजिन बसलं आहे, नळ्या जोडून झाल्या आहेत. टाकीत ब्रेक ऑइल भरलं, चारही चाकांची हवा काढली, दोन बाटल्या ऑइल संपलं, तरी पेडल दाबलं की लिबलिबीत लागतं आणि पार तळाला जातं. किट कार बांधणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला अशी एक संध्याकाळ येते. मग तिसरी बाटली उघडली जाते, पुन्हा चार चाकं, पुन्हा तेच. माझं म्हणणं असं की तिसरी बाटली उघडण्याआधी थांबावं. घरी बांधलेल्या गाडीतली हवा निघत नसेल, तर कमतरता मेहनतीत क्वचितच असते. बहुतेक वेळा ती जोडणीत असते, आणि जोडणी तशीच ठेवून कितीही ऑइल ढकललं तरी पेडल सुधारत नाही.

ही हौस मुख्यतः ब्रिटनची. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही दोन सीटांची हलकी गाडी आणली. सुट्या भागांच्या रूपात घेतली की तयार गाडीवरचा खरेदी कर वाचायचा, म्हणून कित्येकांनी ती घरीच जोडली. १९७३ मध्ये तो कर गेला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे आले, पण गाडी स्वतः बांधण्याची ओढ टिकली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं, अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक आलं. चौकोनी नळ्यांचा सांगाडा घरी वेल्ड करायचा आणि त्यात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग बसवायचे, अशी ती पद्धत. पुढे एस्कॉर्ट मिळेनाशा झाल्यावर सिएरा आली, मग माझ्दा एमएक्स-५. म्हणजे मास्टर सिलिंडर एका गाडीचा, कॅलिपर दुसरीचे, पेडल स्वतः बनवलेलं आणि नळ्यांची वाट बांधणाऱ्याने ठरवलेली. कारखान्यातल्या गाडीत हवा कुठे साठेल आणि कुठून निघेल याचा विचार आधीच कुणीतरी केलेला असतो. इथे तो विचार आपल्यालाच करायचा असतो. आपल्याकडे बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनाही हे लागू आहे. फॉर्म्युला स्पर्धेत तर चारही चाकं एकदम जाम करून दाखवल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत.

आधी आकडे पाहू, कारण ते पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिमीच्या आसपास. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिमी. पेडलची तरफ पाचास एक. पायाने ३० किलोचा जोर दिला की सिलिंडरवर दीडशे किलोचा पडतो आणि ऑइलचा दाब ५० बारच्या वर जातो. ऑइल या दाबाला जवळजवळ दबत नाही. पण आत कुठेतरी १ सीसी हवा राहिली असेल तर ती दबून एका सीसीचा पन्नासावा हिस्सा उरते. ती मोकळी झालेली जागा भरायला सिलिंडरचा पिस्टन साधारण साडेतीन मिमी जास्त सरकावा लागतो, आणि पाचास एकच्या तरफेने पायाखाली ते १७ मिमी होतात. वाटाण्यापेक्षा जरा मोठा एक बुडबुडा पेडलची जवळपास पाऊण इंच चाल खातो.

आता दुसरं गणित. पुढच्या दोन कॅलिपरांत मिळून ५४ मिमी व्यासाचे चार पिस्टन आहेत असं धरू. पॅड आणि डिस्क यांच्यात प्रत्येक ठिकाणी नेहमीपेक्षा फक्त ०.१ मिमी जास्त फट राहिली, तर ती भरायला ०.९ सीसीपेक्षा थोडं जास्त ऑइल लागतं. पायाखाली तेच १६ मिमी. आत हवेचा एक कणही नाही, तरी पेडल तितकंच खाली. म्हणूनच ‘पेडल खाली जातं’ एवढ्यावरून हवा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. लिबलिबीत पेडल आणि लांब पेडल हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्यावर पहिल्याचं औषध करण्यात लोकांचे महिने जातात.

फरक पायालाच कळतो. पेडल एकदा शांतपणे दाबा आणि कुठे अडतं ते पाहा. मग सोडून लगेच दोन-तीनदा भराभर दाबा. पेडल वर आलं आणि दगडासारखं कडक लागलं, तर फट आहे: पहिल्या दाबाने फट भरली, तेवढ्यात टाकीतून जास्तीचं ऑइल आत आलं. पेडल वर आलं, पण पायाखाली स्प्रिंगसारखं देतच राहिलं, तर हवा आहे. तिसरी परीक्षा वेगळी. पेडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू पाय खाली जाऊ लागला तर एक तर ऑइल बाहेर गळतं आहे, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबराशेजारून मागे सटकतं आहे. बाहेर सगळं कोरडं आणि टाकीतली पातळी तशीच, तर संशय रबरावर. या दुसऱ्या शक्यतेला हवा काढणारा माणूसच कारण असू शकतो. जुन्या गाडीतून काढलेला मास्टर सिलिंडर आयुष्यभर अर्ध्याच चालीत फिरलेला असतो. पुढच्या, कधी न घासलेल्या भागात गंज आणि मळ साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या खडबडीत भागावरून जातं आणि फाटतं. जुना सिलिंडर वापरायचाच असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. खरं सांगायचं तर ब्रेकमध्ये जुना सिलिंडर वापरूच नये.

हवाच आहे असं ठरलं की पहिली नजर निपलवर. हवा वर जाते, म्हणून हवा काढायचं निपल कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी हवं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही किट कारमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच आहे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला, की बोल्ट नीट बसतात, पॅड बसतात, डिस्क मोकळी फिरते आणि निपल मात्र खाली येतं. कधी अदलाबदल मुद्दाम केलेली असते: ज्या जुन्या गाडीतून भाग घेतले तिच्यात कॅलिपर चाकाच्या पुढच्या बाजूला होता, आपल्या सस्पेन्शनमध्ये तो मागे बसवावा लागला. मग निपल खाली नसलं तरी तिरकं येतं, आणि पिस्टनच्या भोकाचा वरचा घुमटासारखा भाग निपलच्या वर राहतो. त्या घुमटात हवा अडकली की नळीतून स्वच्छ, बुडबुडा नसलेलं ऑइल येत राहतं आणि आपण समाधानाने निपल बंद करतो. सीसी-दोन सीसी हवा वर तशीच.

याची तपासणी अगदी सोपी आहे. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, रबरी नळी जोडलेलीच राहू द्या, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाहीत. आता कॅलिपर हातात धरून निपल नेमकं वर येईल असा फिरवा, रबरी हातोड्याने दोन-चार हलके ठोके द्या आणि तसाच धरून हवा काढा. पारदर्शक नळीत अचानक हवेचा लांब पट्टा आला की कारण सापडलं. कायमचा इलाज अर्थातच कॅलिपर योग्य बाजूला लावण्याचा. ते शक्य नसेल तर दरवेळी असाच काढून हवा काढावी लागेल, हे गाडीच्या वहीत लिहून ठेवावं.

हवा साठण्याची दुसरी जागा मास्टर सिलिंडर. बैठ्या गाडीत पेडलच्या कोनामुळे तो बऱ्याचदा पुढून वर उचलल्यासारखा बसतो, आणि त्याच्या पुढच्या टोकाला हवेचा कप्पा तयार होतो. चाकांकडून ती कधीच निघत नाही, कारण पेडल सोडलं की पिस्टनपुढची हवा तिथेच पसरते. गाडीची मागची बाजू जॅकने चांगली उंच करावी म्हणजे सिलिंडर पुढे झुकतो आणि हवा टाकीच्या भोकांकडे येते. सिलिंडर बसवण्याआधी वाइसमध्ये आडवा धरून, बाहेर जाणाऱ्या भोकांना नळ्या लावून त्या परत टाकीतल्या ऑइलमध्ये सोडून भरून घेतला तर हे सगळं टळतं. ते राहून गेलं असेल तर सिलिंडरवरचा नळीचा नट पाव वळसा सैल करून, पेडल अलगद दाबून, सोडण्याआधी नट आवळायचा. खाली चिंध्या भरपूर ठेवाव्यात, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं.

सिलिंडरपाशी आहोत तोवर टाकीत डोकावून घ्यावं. आतल्या पिस्टनच्या अगदी पुढे १ मिमीपेक्षाही बारीक भोक असतं. पेडल मोकळं असताना ऑइल त्यातून ये-जा करतं. कुणाला तरी पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा आणि टॉर्चच्या उजेडात पाहा: पहिल्या एक-दोन मिमीत त्या भोकातून ऑइलचा बारीकसा उमाळा वर यायला हवा. नाही आला तर पेडलचा दांडा लांब झाला आहे आणि पिस्टन पूर्ण मागे येत नाही. भोक झाकलेलं राहतं, हवा टाकीत परत येऊ शकत नाही, आणि गाडी चालवल्यावर तापलेलं ऑइल फुगून ब्रेक आपोआप धरू लागतात. दांड्याला साधारण १ मिमी मोकळी चाल हवी.

रेसिंगच्या धर्तीवर दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि मध्ये झुलती आडवी दांडी, ज्याला बॅलन्स बार म्हणतात, अशी रचना असेल तर आणखी एक खोच आहे, आणि ती कळली नाही तर दिवस वाया जातो. एक सिलिंडर पुढच्या चाकांसाठी, दुसरा मागच्या. पेडल बारच्या मध्यावर ढकलतं. आता फक्त पुढचं निपल उघडलं तर पुढचा सिलिंडर सहज आत जातो, मागचा बंद ऑइलवर अडून उभा राहतो आणि बार तिरका होतो. थोड्याच अंतरावर बार आपल्या घरात अडकतो, पेडल थांबतं, आणि पुढच्या सिलिंडरने अर्धीही चाल केलेली नसते. अर्ध्या चालीत थोडंसंच ऑइल सरकतं आणि नळीतला बुडबुडा पुढे जाऊन परत मागे येतो. उपाय सोपा आहे: एक पुढचं आणि एक मागचं निपल एकाच वेळी उघडायचं. दोन नळ्या, दोन बाटल्या, आणि शक्य असेल तर तिसरा माणूस. मग बार सरळ राहतो आणि दोन्ही सिलिंडर पूर्ण चालतात.

चालीचा हा मुद्दा लांब नळ्यांनाही लागू आहे. ब्रेकची नळी बाहेरून ३/१६ इंच, आतून सुमारे ३.३ मिमी. एवढ्या अरुंद नळीत बुडबुडा स्वतःहून जवळपास वर चढतच नाही, त्याला वाहत्या ऑइलने ढकलत न्यावं लागतं. गवंड्याच्या लेव्हल पाइपातही बुडबुडा असाच अडून बसतो. मागच्या चाकापर्यंत ३ मीटर नळी असेल तर तिच्यात २६ सीसी ऑइल मावतं, आणि पाऊण इंची सिलिंडर २५ मिमीच्या पूर्ण चालीत ७ सीसी देतो. म्हणजे बुडबुडा सगळी नळी पार करायला किमान चार पूर्ण दाब हवेत, आणि मध्ये एकदाही ऑइल मागे यायला नको. नळी गाडीच्या मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावरून वर चढून पुन्हा ॲक्सलकडे उतरत असेल तर ते उंचवट्याचं टोक हवेची आवडती जागा. तिथे सावकाश दाबून भागत नाही, जरा वेगाने ढकलावं लागतं. एरवी मात्र पेडल घाईने मारू नये, ऑइलला फेस येतो.

पेडल लांब आहे पण कडक होतं, असं निघालं तर लक्ष मागच्या चाकांकडे द्या. ड्रम असतील तर शू नीट जवळ आणल्याशिवाय हवा काढायला बसूच नये. मागे डिस्क असेल आणि कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असेल, तर नवा किंवा दुरुस्त केलेला पिस्टन खूप आत बसलेला असतो आणि ही मोठी फट प्रत्येक दाबाला पेडल खाते. एमएक्स-५ च्या जुन्या पिढ्यांत कॅलिपरच्या मागचा छोटा बोल्ट काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीचा स्क्रू असतो: पॅड डिस्कला टेकेपर्यंत तो फिरवायचा आणि मग एक तृतीयांश वळसा मागे घ्यायचा. हँडब्रेकची केबल शेवटी जोडायची. आधी ताणली तर कॅलिपरचा लिव्हर पूर्ण परतत नाही आणि आपोआप जुळण्याचं काम थांबतं. फट दरवेळी पुन्हा येत असेल तर डिस्क वाकडी फिरते आहे किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. हलणारी डिस्क पॅडना धक्के देत मागे सारते.

लांब पेडलवर मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर लावणं हा उपाय मला पटत नाही. पाऊण इंचाऐवजी ७/८ इंची लावला तर क्षेत्रफळ ३८८ चौरस मिमी होतं, चाल चौथ्या हिश्शाहून जास्त कमी होते आणि पेडल कडक वाटतं. पण तेवढ्याच पायाच्या जोरावर दाब ५२ बारवरून ३८ वर येतो. किट कारमध्ये बहुधा ब्रेक बूस्टर नसतो, त्यामुळे ही घट थेट थांबण्याच्या अंतरात दिसते. हवा तशीच आत राहते, फक्त पायाला कळेनाशी होते.

कुठल्या कोपऱ्यात दोष आहे ते कळत नसेल तर भाग वेगळे करत जावं. साध्या रबरी नळ्या असतील तर खास गुळगुळीत क्लॅम्पने त्या दाबून एकेक चाक बंद करता येतं: ज्या चाकाची नळी बंद केल्यावर पेडल कडक झालं, तिथे दोष. स्टीलची जाळी असलेल्या नळ्या मात्र कधीही दाबू नयेत, आतली नळी चेपते ती कायमची. तिथे मास्टर सिलिंडरच्या भोकांनाच आंधळे बूच लावायचे. बूच लावून पेडल खडकासारखं झालं तर सिलिंडर निर्दोष. मग एकेक नळी जोडत पुढे जायचं.

बूच घेताना आणि नळ्या जोडताना आटे तपासून घ्या. ब्रिटनमधल्या जुन्या भागांवर ३/८ इंचाचे यूएनएफ आटे असतात, नव्यांवर मेट्रिक, १० मिमीला १ मिमीचा आटा. यूएनएफचा व्यास ९.५ मिमी आणि आट्यांमधलं अंतर १.०६ मिमी, म्हणजे हाताने तो मेट्रिक भोकात बऱ्यापैकी जातो आणि बसल्यासारखा वाटतो. पण पकड अपुरी असते आणि आवळताना आटे सोलले जातात. नळीच्या टोकाचा फुलवाही त्या भोकाशी जुळला पाहिजे. काही भोकांना आत दुमडलेला दुहेरी फुलवा लागतो, काहींना गोलसर. चुकीचा असेल तर जोड ओलसर दिसेल इतकंही गळत नाही, पण पेडल सोडताना तिथून हवा आत येऊ शकते. पेडल दाबून लाकडाच्या काठीने रात्रभर अडकवून ठेवलं आणि सकाळी प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिला, की असा जोड सापडतो.

जमिनीवर बसवलेलं पेडल आणि त्याच्यासमोर खालीच मास्टर सिलिंडर, अशी रचना असेल तर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली येतो आणि उभ्या गाडीत ऑइल टाकीकडे परत सरकतं. विद्यार्थ्यांच्या गाड्यांत हे बऱ्याचदा दिसतं. डिस्क ब्रेकच्या नळीत २ पीएसआयचा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह टाकला की काम होतं. ड्रमसाठी तो १० पीएसआयचा लागतो. अदलाबदल झाली तर डिस्क घासत राहतात.

साधनांबद्दल थोडं. निपलवर व्हॅक्यूम लावणारा पंप मला फारसा भरवशाचा वाटत नाही. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि बाटलीत बुडबुडे येतच राहतात. माणूस नसलेल्या दोषामागे धावतो. टाकीवर हलका दाब देणारं साधन बरं, १५ पीएसआय पुरतो, पण टाकीचं झाकण आधी तपासा, नाहीतर इंजिनवर ऑइल उडेल. आणि एकमेकांशी बोलणारी दोन माणसं, ‘दाब’, ‘उघडलं’, ‘बंद’, ‘सोड’, हे अजूनही उत्तम साधन आहे. बाटलीतून निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नये. त्यात बारीक फेस असतो आणि ओलावाही. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलेल्याला १५५ अंशांची मुभा आहे. सिलिकॉनचं डॉट ५ किट कारमध्ये टाळलेलंच बरं, कारण त्यात बारीक बुडबुडे तरंगत राहतात आणि ते इतर प्रकारांत मिसळतही नाही.

पेडल कडक झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची असं नव्हे. इंजिन बंद ठेवून पेडलवर पूर्ण ताकदीने उभं राहिल्यासारखा जोर द्या आणि कुणाला तरी प्रत्येक जोड पाहायला सांगा. मग सपाट, रिकाम्या जागेत चालण्याच्या वेगाने थांबून पाहा, मग २०, मग ४०. ब्रिटनमध्ये अशी गाडी नोंदवण्याआधी आयव्हीए ही सरकारी तपासणी २००९ पासून करावी लागते. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजतात आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होणार नाहीत ना, हे पाहतात. तिथे नेण्याआधी शंभर-दोनशे किलोमीटरच्या खासगी ट्रॅकवरच्या धावेनंतर एकदा पुन्हा चारही निपल उघडावीत. पॅड आणि डिस्क तोवर एकमेकांना बसलेले असतात, आणि धक्क्यांनी सुटलेले बारीक बुडबुडे निपलांशी येऊन थांबलेले असतात. यावेळी पाव बाटली ऑइल पुरतं.